फुंकर न लागलेली समई

मी अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावातल्या एका देव्हाऱ्यातली पितळी समई. माझी हकिगत शैलाबाईंच्या नवसापासून सुरू होते. त्यांची विनीता दिवस भरायच्या आतच जन्मली. तिला हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि बाहेर बर्फ पडत होतं. घरी येऊन शैलाबाईंनी माझ्यासमोर हात जोडले. "अंबाबाई, हिचा श्वास टिकू दे. माझ्या घरात दिवा कुणी फुंकणार नाही."

श्वास टिकला. तेव्हापासून मला फुलानेच शांत करतात. विनीताच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्यासुद्धा. मैत्रिणी हसायच्या, ती चिडायची, पण एकही फुंकली नाही कधी.

मोठी झाल्यावर तिला पहिली नोकरी लागली ती शूटिंगवर सामान पुरवायची. भुताच्या एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचा सिनेमा टीव्हीसाठी पुन्हा करत होते.

"आई, समई दे ना शूटिंगपुरती."

"भुताच्या सिनेमात? आणि तो होऊन गेलाय ना एकदा?"

"रीमेक आहे, आई."

विनीताचे बाबा, नरेंद्रराव, पेपरामागून म्हणाले, "दे गं. घासलेली समई कशी असते, भुतांनाही कळू दे."

शैलाबाईंनी मला टॉवेलात गुंडाळलं. "फुंकायची मात्र नाही," एवढंच बोलल्या.

माणसं घाबरण्यासाठी किती मेहनत घेतात, ते मी तिथे पाहिलं. एकजण धूर सोडत होता, दुसरा दार करकरावं म्हणून बिजागरीचं तेल पुसत होता. मी बऱ्याच प्रसंगांत नुसती तेवत उभी होते. शेवटी दिग्दर्शक नायिकेला म्हणाला, "आता भूत तुझ्या अंगात शिरलंय. दिवा फुंक."

विनीता मध्ये आली. "हा फुंकता येणार नाही. माझ्या आईचा नवस आहे."

"आधीच्या सगळ्या सीनमध्ये हाच दिवा आहे. तो विझला नाही, तर तू घरी जाशील."

तिचा चेहरा उतरला. मग तिने फुलदाणीतलं एक पांढरं फूल काढलं. "एकदा बघा तरी." तिने ते अलगद माझ्या वातीवर टेकवलं. ज्योत वाकली, लहान झाली, गेली.

"हे जास्त भीतीदायक आहे," दिग्दर्शक हळूच म्हणाला. मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. रोजचंच होतं. त्याने नायिकेचा झगा विनीताला घालायला लावला आणि तिचाच हात चित्रित केला.

सिनेमा लागला त्या संध्याकाळी शैलाबाई जपमाळ घेऊन बसल्या. विनीताने मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर मी दिसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"शैला, बघ तर," नरेंद्रराव म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. "अगं, ही तर तुझी बोटं. फुंकली नाहीस?"

"कशी फुंकणार? तू तिथे येऊन फटका दिला असतास."

शैलाबाई हसल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मी आता परत देव्हाऱ्यात आहे. बुडाला शूटिंगच्या चिकटपट्टीचा डाग आहे, चिंचेने घासूनही जात नाही. राहू दे. तुम्हीही एवढा नेम धरा. दिवा शांत करायचा तो फुलाने. फुंकर राखून ठेवा, कुणाच्या तरी भाजलेल्या बोटावर घालायला लागते.