पाद्रीसाहेबांचा हात

रविवारी सकाळी सदरमधल्या चर्चला निघायची वेळ झाली की विक्कीचं पोट दुखायला लागतं. सासूबाई लेकरांना सोबत न्यायला लागल्यापासून चौथा रविवार हा. पाच वर्षांचं पोर, शनिवारी रात्री संत्री सोलून सोलून खातं आणि सकाळी पलंगाखाली जाऊन बसतं.

“नाटकं हायेत सारी,” सासूबाई म्हणाल्या. “लेकरायले आत्तापासून उपासनेची सवय नाही लावली, तं मंग कधी लावशीन वं मिनल? गुंजनले पाय बरं, कशी तयार होऊन बसली.”

गुंजन तीन वर्षांची. तिला फक्त नव्या फ्रॉकशी मतलब.

एरवी मी ऐकून घेणारी नाही. पण त्या चर्चची भीती मलाही वाटत होती. पावसाळ्यात काटोल रोडवर माझ्या नवऱ्याची, सुशीलची गाडी घसरली. त्याला शेवटचं आणलं ते याच चर्चमध्ये. वेदीसमोर पेटी ठेवली होती. विक्की माझ्या कडेवर होता. कुणीतरी त्याचा हात धरून बाबांच्या हाताला लावला, निरोप म्हणून. “थंड हाये,” एवढंच तो बोलला. मग पाद्रीसाहेबांनी सुशीलच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि झाकण लावलं. त्यानंतर विक्कीने बाबांचं नाव काढलं नाही. लोक म्हणाले, लहान आहे, विसरला. लोकांचं काय जातं म्हणायला! मी स्वतः त्यानंतर चर्चला गेले ती शेवटच्या बाकापुरती. वेदीसमोरच्या त्या जागेकडे पाहायचंच मी टाळायचे.

शेवटी सासूबाईंनी त्याला ओढूनच काढलं. चर्चमध्ये मी मुलांना घेऊन मागेच बसले, सासूबाई पुढे गेल्या. विक्कीची नखं माझ्या मनगटात रुतत होती.

“आई, आपण मागंच बसू ना?”

“हो रे, मागंच.”

गाणी झाली, उपदेश झाला, प्रभुभोजन झालं. मी निघायच्या तयारीला लागते तोच पाद्रीसाहेब म्हणाले, “आज लेकरांना पुढे पाठवा. आशीर्वाद देऊ.”

मुलं वेदीपुढच्या कठड्याशी जमू लागली. मी धरायच्या आत गुंजन मांडीवरून घसरली आणि नवे बूट वाजवत पुढे पळाली. पाद्रीसाहेब हसले, वाकले. त्यांचा हात तिच्या डोक्याकडे आला.

“गुंजन!”

विक्की किंचाळला. तो धावला, तिला मागे ओढलं आणि तिच्यापुढे हात पसरून उभा राहिला.

“तिले हात नका लावू! ती लहान हाये! मले न्या!”

मागे कुणीतरी हसलं. मला मात्र तेव्हा सगळं उमगलं. त्याच्या हिशेबी पाद्रीसाहेब डोक्यावर हात ठेवतात, मग झाकण लागतं आणि माणूस जातो. चार रविवार हे एवढंसं पोर ही भीती पोटात घेऊन पलंगाखाली बसत होतं.

पाद्रीसाहेबांचा हात हवेतच राहिला. ते गुडघ्यावर बसले. “बेटा, मी कुणालाच नेत नाही.”

“बाबाले नेलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला उठायचं नव्हतं. पण माझं लेकरू त्या जागेवर एकटं उभं होतं. मी गेले. जिथे पेटी होती तिथेच, दोन्ही लेकरांच्या मधे गुडघे टेकले.

“आधी माझ्या डोक्यावर ठेवा,” मी म्हणाले.

“नको ना वं, आई!” विक्कीने माझा पदर धरला.

हात डोक्यावर आला. तोच हात. जन्मापासून या चर्चमध्ये वाढलेली मी, आशीर्वाद काय असतो ते मला ठाऊक नाही का? तरी मी भ्याले. खोटं कशाला बोलू, डोळे घट्ट मिटून घेतले. मग गुंजनची पाळी झाली. विक्की सगळ्यात शेवटी. त्याचे दात वाजत होते, पण तो हलला नाही.

“आमेन.”

विक्कीने एक डोळा उघडला. गुंजनचा हात चाचपून पाहिला, मग माझा.

“गरम हाये,” तो पुटपुटला.

मग त्याने आपला हात माझ्यापुढे केला. “आता माहा पाहून सांग.”