नव्याण्णव बाटल्या

"बाबा, प्या नं ते औषध! जीव एवढासाच राहिला तुमचा."

"राहू दे वं. हा तं चिल्लर राक्षस हाय. समोर मोठा येईन, तवा कामी पडन."

डिसेंबरातल्या एका रविवारचं हे बोलणं. माझे वडील, रुपराव, पंप दुरुस्त करत. नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतल्या निम्म्या बोअरच्या मोटारी त्यांनी कधी ना कधी वर काढल्या असतील. गुडघे गेले आणि ते घरी बसले, तेव्हा मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला. त्यात हा खेळ होता. एक योद्धा, तलवार, ढाल आणि पाठीवर पिशवी. लढाई आळीपाळीची: आपण एक वार करायचा किंवा एक औषध प्यायचं, मग राक्षसाची पाळी. आपण हललो नाही, तर तोही थांबतो.

"माणसाईपेक्षा बरा हाय हा," बाबा म्हणत.

पिशवीत एका वस्तूचे नव्याण्णवच नग मावत. त्यांच्या औषधाच्या बाटल्या नव्याण्णव झाल्या होत्या. योद्धा मेला तर ते मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात करत, पण बाटली उघडत नसत. ऑफिसात मी हे सांगून सगळ्यांना हसवलं होतं.

फेब्रुवारीत त्यांना लकवा मारला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. नंतर कपाट आवरताना प्लास्टिकची एक डबी सापडली. बीपीच्या गोळ्या. सगळ्या अर्ध्या. रोज अर्धी घ्यायची आणि अर्धी ठेवायची, तब्येत खरंच बिघडेल तेव्हासाठी. दर रविवारी मी विचारायची, "गोळी घेतली?" ते म्हणायचे, "घेतली." खोटं नव्हतं ते.

धाकटा भाऊ अंकुश लॅपटॉप न्यायला आला. फॉरमॅट करून त्याला तो कामासाठी हवा होता. चार्जरला लावलेलाच होता. झाकण उघडलं, तर लढाई अर्ध्यावर थांबलेली. समोर मोठा राक्षस. बाबांचा योद्धा एका गुडघ्यावर, आणि पाळी त्यांची.

मी बाटली निवडली. जीव भरला. राक्षसानं मारलं. मी पुन्हा बाटली निवडली.

"ताई, मार नं त्याले! काय करून राहिली तू?"

"औषध देऊन राहिली."

"असं जिंकते का कोणी?"

"तुले घाई असन तं जाय."

तो गेला नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला. साठ उरल्या. मग चाळीस. मग दहा.

"एखादी तरी ठेव वं," तो हळूच म्हणाला.

"कोणासाठी?"

त्यानं मांडीवरचं हेल्मेट खाली ठेवलं.

शेवटच्या बाटलीनं योद्धा सरळ उभा राहिला. राक्षसानं हात उगारला, तेवढ्यात मी लॅपटॉप बंद करायचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाल्यावर चार्जर काढला, वायर नीट गुंडाळली आणि लॅपटॉपसकट अंकुशच्या हातात दिली.