नानांना पाठ असलेला तक्ता

हसून घ्या मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी एक जुनी चाचणीची फ्रेम आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना नाकावर चढवतात ना, गोल, जाडजूड, स्क्रूवाली, तीच मी. मला घालून देखणा दिसलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. नवरदेवसुद्धा माझ्यामागे घुबड दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने पितळ कापलं, घासलं, वाकवलं. भिंगं सरकवायला खाचा पाडल्या आणि ज्याच्या त्याच्या नाकाप्रमाणे मागेपुढे करायला बारीक स्क्रू बसवले. मग मुलामा चढवून मला मखमलीच्या पेटीत ठेवलं. नानांनी दुकान उघडलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी कामाला लागले.

नाना म्हणजे आमच्या गल्लीचे चष्मेवाले. एक भिंग काढायचे, दुसरं घालायचे आणि विचारायचे, "हे बरं दिसतं की मघाचं?" भलेभले इथे गडबडतात. "मघाचं... नाही नाही, हेच... पुन्हा एकदा दाखवा बघू!" पण नाना कधी वैतागले नाहीत. शेजारच्या शिंपीकाकांचा मोतीबिंदू नानांनीच ओळखला आणि हाताला धरून त्यांना दवाखान्यात नेलं. "ही फ्रेम म्हणजे माझा उजवा हात," असं नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तेव्हाचा माझा तोरा काय वर्णावा!

पुढे दुकानात कॉम्प्युटरचं यंत्र आलं. हनुवटी टेकवा, आत बघा, झालं काम. मग मला कोण विचारतो? मोडक्या काड्या आणि वाळलेले रबरबँड यांच्यासोबत माझी रवानगी खालच्या खणात झाली. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

मला बाहेर काढलं ते नानांच्या सुनेने. ती आधी शाळेत विज्ञान शिकवायची, नंतर दुकान बघू लागली. शिकवायची खोड काही सुटेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती गल्लीतली मुलं दुकानात जमवू लागली. मुलांनी त्या दिवसाचं नाव ठेवलं, भिंगवार. पत्र्याच्या भोकावर पाण्याचा थेंब ठेवून त्यातून मुंगी बघायची. खिडकीपाशी भिंग धरून समोरची इमारत भिंतीवर उलटी पाडायची. कापडवाल्याने दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळीत दोन भिंगं बसवून दुर्बीण करायची. ती म्हणायची, "मी सांगणार नाही, करून बघा." मी तर एका नाकावरून दुसऱ्या नाकावर नुसती नाचत होते. माझा एक स्क्रू हरवला, एक काडी वाकली, पण मी कुरकुर केली नाही.

त्या मुलांत एक मुलगी होती. उठल्यासुटल्या 'का?' विचारायची, म्हणून तिला सगळे काबाई म्हणायचे. एकदा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघून तिने विचारलं, "अक्षरं एवढीच मोठी का?"

"मोजून बघा," सूनबाई म्हणाली.

झालं! मुलं टेप घेऊन फुटपाथवर. अंतर दुप्पट झालं की अक्षरही दुप्पट लागतं, हे त्यांनी भर उन्हात शोधून काढलं आणि स्वतःचा तक्ता रंगवायला घेतला. सगळ्यात वर कोणतं अक्षर काढायचं यावर मात्र भांडण जुंपलं. प्रत्येकाला आपल्या नावाचं हवं. शेवटी काबाई म्हणाली, "ढ काढू या. बिचाऱ्याला एकदा तरी पहिला नंबर मिळू दे."

पुढच्या भिंगवारी मेळावा ठरला. गल्लीतली मोठी माणसं येणार होती. मुलांनी सकाळीच नवा तक्ता जुन्यावर टांगला आणि नानांना यातलं काही कळू दिलं नाही.

सगळे जमल्यावर नानांना खुर्चीत बसवलं, आणि कितीतरी काळाने मी त्यांच्या नाकावर बसले. बसले मात्र, आणि मला कळलं. नानांची नजर माझ्यातून कुठेच ठरत नव्हती. समोर नुसतं धुकं! मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे?

"जन्मभर परीक्षा घेतली, आज देतो," नाना ऐटीत म्हणाले आणि घडाघडा सुरू झाले. "वर ग. खाली र, प. त्याच्याखाली न, त, म..."

पोरं खो खो हसत सुटली. शिंपीकाकाही हसले. "नाना, काय हो थट्टा करता! वर ढ आहे," काबाई म्हणाली.

सूनबाई हसली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नानांनी म्हटलेला तक्ता जुना होता, नव्याखाली झाकलेला. दुकानात इतकी वर्षं लोकांना वाचायला लावून तो त्यांना तोंडपाठ झाला होता.

"नाना," ती हळूच म्हणाली, "कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय मला सगळं! बंद करा हा पोरखेळ!" नाना ताडकन उठले आणि समोरच्या स्टुलावर धडपडले. शिंपीकाकांनी धरलं म्हणून बरं.

"बसा नाना," शिंपीकाका म्हणाले. "मीही असाच खोटं बोलत होतो. तुम्ही ऐकून घेतलं होतंत का?"

नाना पुन्हा खुर्चीत टेकले. मग काबाई स्टुलावर चढली. तिने पेटीतलं एक भिंग माझ्यात सरकवलं. ते काढून दुसरं घातलं. नानांसारखाच सूर लावून विचारलं, "हे बरं दिसतं की मघाचं?"

माझ्या काचेवर एक थेंब पडला.

"दोन्ही सारखंच, बाळा," ते म्हणाले. "दोन्ही धूसर." आणि मग सुनेकडे तोंड करून, "चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल गं? म्हणून गप्प बसलो."

"दुकान राहू द्या हो," ती रडत रडत म्हणाली. "आम्हाला तुम्ही हवे आहात."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई नानांना चांगल्याच रागावल्या. मोतीबिंदू पार पिकला होता. आणखी अंगावर काढलं असतं तर डोळाच हातचा गेला असता, असं म्हणाल्या. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं.

डोळे बरे झाल्यावर चष्म्याचा नंबर काढायला यंत्र होतं, पण नाना हटून बसले. "मला माझी फ्रेम द्या." त्या दिवशी मुलांनी मुद्दाम कोरा करकरीत तक्ता रंगवून आणला होता. नाना सावकाश वाचू लागले. प म्हणाले, तो फ निघाला. घ म्हणाले, तो ध निघाला. एकेक चूक ऐकून सूनबाईला आनंद होत होता, कारण आता ते खरंच बघून वाचत होते.

भिंग बदलायला ती खाली वाकली. तिचा चेहरा अगदी माझ्यासमोर आला. नाना तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हात उचलून तिच्या कपाळावरची बट बोटांत धरली.

"सूनबाई, तुझे केस कधी गं पांढरे झाले?"

ती तशीच वाकून उभी राहिली, आणि नाना तिला डोळे भरून बघत होते.

मित्रांनो, मी आता जुनी झाले. माझी वाकडी काडी काही सरळ होत नाही. पण एवढं ऐका. घरातल्या थकलेल्या माणसाला "नीट दिसतं ना?" असं नुसतं विचारू नका. ती माणसं "दिसतं" असंच म्हणतील, तुम्हाला त्रास नको म्हणून. त्यांच्याजवळ बसा, आणि त्यांना पाठ नसलेलं काहीतरी वाचायला द्या.