समोरासमोर उभ्या राहा

सकाळी गुक ताए-सु मुळ्याची आंबवलेली किमची आणि भात जेवला, बूट चकचकीत पुसले आणि मुलीच्या पुढे चालत शाळेला निघाला. घराचा उंबरठा ओलांडला की मिरानने त्याला बाबा म्हणायचं नाही, असा नियम होता. शाळेत तो सर होता. सैन्यातून सार्जंट म्हणून सुटल्यावर मुलींच्या हायस्कुलात त्याला कवायत शिकवायला घेतलं होतं. त्याच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येई, म्हणून हेडमास्तरांनी गणिताचा वर्गही त्याच्याकडेच दिला. राजधानी सोलहून तपासणीला आलेले साहेबसुद्धा खूश होऊन गेले.

त्याची पद्धत छावणीतली होती. जिचं गणित चुकेल तिने बाकावरच्या शेजारणीसमोर उभं राहायचं आणि दोघींनी आळीपाळीने एकमेकींच्या थोबाडीत मारायची. थप्पड हलकी बसली, तर साऱ्या वर्गाने मैदानात बर्फावर गुडघे टेकायचे. त्यामुळे मारणारीच्या मागे वर्गाची कुजबुज असे, जोरात मार गं. गुक सर स्वतः कुणाला बोटही लावत नसत, आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता. किती सोयीची पद्धत! मारणाऱ्याही मुली, मार खाणाऱ्याही मुली, आणि सरांचे हात स्वच्छ.

त्या दिवशी बोकसिमचं गणित चुकलं. ती मिरानची शेजारीण, वर्गात आणि गल्लीतही. पहिल्या थपडा दोघींनी जपून मारल्या. सरांनी पुन्हा मारायला सांगितलं. मग जपणं संपलं. गाल पेटला की राग हातात उतरतो, समोर मैत्रीण आहे हे तो बघत नाही. मिरानची शेवटची थप्पड कानावर बसली आणि बोकसिम मटकन खाली बसली. डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय.

संध्याकाळी बोकसिमची आई घरी आली. आता भांडण होणार, या भीतीने मिरानची आई दारातच थांबली. पण त्या बाईने तांदळाच्या वड्या पुढे ठेवल्या, शेजारी तासून गुळगुळीत केलेली एक छडी ठेवली, आणि जमिनीपर्यंत वाकून माफी मागितली.

"सर, पोरगी मठ्ठ आहे. तिच्यापायी तुम्हाला ताप झाला. कानाचं काय, दुसरा आहे की. तुम्ही तिला माणसात आणा, आमचं काही म्हणणं नाही."

गुकने समाधानाने मान हलवली. काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर मिरानने ऐकून घेतल्या असत्या. ही माफी तिला सोसवेना.

"काकू, तिचा कान मी फोडला. यापुढे मी कुणावर हात उचलणार नाही."

"मग वर्ग बर्फात बसेल," बाप शांतपणे म्हणाला. "तुझं काय करायचं ते वर्गच बघून घेईल. मला काही करावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी आईने मिरानच्या डब्यात भातावर एक अंडं जास्त घातलं.

बोकसिम कानात कापूस घालून आली होती. तिला गणित नीट ऐकूच आलं नाही, आणि ते चुकलं. हुकूम झाला. रडत रडत तिने मिरानच्या तोंडात मारली. मिरानचे हात मात्र खालीच राहिले. थोड्याच वेळात सारा वर्ग मैदानात बर्फावर होता.

"मार ना एकदाची," मागून कुणीतरी फुसफुसलं. "आमचे गुडघे बधिरलेत, आणि ही मोठी साध्वी बनतेय." कुणीतरी तिचे केस ओढले.

"बोकसिमच्या थपडेचं उत्तर दे," सर मिरानला म्हणाले.

"नाही, बाबा."

साऱ्या मुलींनी माना वर केल्या.

"मारायचंच असेल तर तुम्ही मारा. तुमच्या हाताने."

गुकला 'नाही' ऐकायची सवय नव्हती. त्याने हातमोजा काढला आणि मारली. मिरान बर्फावर कोसळली. मुलींना थप्पड नवी नव्हती. ती मारणारा कोण, हे मात्र त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

गणित चुकलेली आणखी एक जोडी होती. गुकने तिला हुकूम दिला. दोघी उठल्या, समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि त्याच्या उघड्या हाताकडे बघत राहिल्या. त्याने आवाज चढवला. तरी एकीनेही हात उचलला नाही. आता उरलेल्या साऱ्या वर्गाला सरांना स्वतःच मारावं लागणार होतं, आणि वर्ग त्याची वाट बघत बसला होता.