दाढ टोचते

"पुन्हा शाई पाजतेस होय गं मला? जाण्याआधीच निळी करून ठेवतेस?" खुर्चीत आडवी झालेली सासू पुटपुटली, आणि तिच्या तोंडची वाफ सुनेच्या मास्कमधून थेट नाकात शिरली.

फुलदाणीत आठवडाभर कुजलेल्या पाण्याचा वास. दातांच्या या दवाखान्यात मदतनीस म्हणून सुनेनं परक्यांचा पू, किडक्या दाढा, बुरसटलेल्या कवळ्या सगळं गप्पा मारत उपसलं होतं. घरच्या घाणीला मात्र मास्क पुरत नाही.

"शाई नाही, आई. आंबट पाण्यानं चूळ, मग हा रंग, मग पुन्हा आंबट पाणी. धडक्या जागेवरचं निळं धुऊन जातं. नको त्या जागी चिकटून बसतं."

"नको ती म्हणजे कुठली?"

"थुंका आता."

सासू थुंकली. निळी लाळ, तिच्यात तंबाखूचे काळे कण, आणि ओठाला लोंबणारी एक तार, काही केल्या तुटेना. सुनेनं ती बोटाला गुंडाळून ओढली.

दारात सासूचा मुलगा नाकाला रुमाल लावून उभा होता. "सर्दी झालीय," तो म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

घर अशाच सर्दीवर चाललं होतं. आईचं ताट आधी, कारण तिला मऊ लागतं. खिडकी उघडी, कारण हवा खेळायला हवी. नातीनं पापी घ्यायची नाही, कारण परीक्षा जवळ आलीय. दोन आठवड्यांपूर्वी याच तपासणीतही जिभेवर निळं राहिलं होतं. दाढ घासून झालेली जखमही कधीकधी रंग धरते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तुटक्या दाढेची धार घासून पुन्हा बोलावलं होतं. तेव्हापासून सगळं घर त्या दाढेला लोंबकळत होतं. कुणी विचारलं की उत्तर तयार: दाढ टोचते.

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला. "ताई, पुसा जरा."

सुनेनं पुसलं. गाल गुलाबी झाला, हिरड्या गुलाबी झाल्या. जिभेच्या कडेला नखाएवढा डाग तसाच राहिला, गडद निळा. तिनं पुन्हा पुसलं. मग दाबून पुसलं, ओट्यावरचं करपलेलं दूध खरवडावं तसं. रक्त आलं. निळं हललं नाही.

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छोटा तुकडा काढून लॅबला पाठवू. तिथे त्याचे पातळ काप करून, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवून बघतात. त्याशिवाय नक्की कळायचं नाही."

सासूनं तोंड मिटलं. "दाढ घासलीत ना? मग आणि काय कापायचं राहिलंय? मी करीन गुळण्या."

"हो ना," रुमालामागून मुलगा म्हणाला. "आई म्हणतेय तर बघू महिनाभर गुळण्या करून."

सासू पाय खाली सोडून चपला चाचपू लागली.

सुनेनं हातातला निळा-लाल बोळा टाकला आणि मास्क हनुवटीखाली ओढला. वास अख्खाच्या अख्खा अंगावर आला. तिनं तो घेतला.

"आई, मेल्या उंदरासारखा वास येतो तुमच्या तोंडाला. आम्ही सगळे श्वास धरून बोलतो तुमच्याशी."

सासूचा पाय चपलेत अर्धाच राहिला. मुलाचा रुमाल खाली आला.

"आणि ही दाढ नाही. कॅन्सर असेल, आई. बसा परत. तुकडा काढू द्या."