सासूचे संवाद

लकव्यानंतर आईची वाचा गेली. फक्त तिच्या आवडीचा एक जुना विनोदी सिनेमा लावला, की त्यातल्या खाष्ट सासूचे संवाद ती घडाघडा म्हणायची. तेवढाच तिचा आवाज घरात उरला होता.

"दादा, सगळं टीव्हीवर मिळतं," म्हणत धाकट्याने त्या सिनेमासकट सगळ्या सीड्यांचा खोका भंगारात दिला. मीही गाढवासारखी मान डोलावली.

आज तो सिनेमा टीव्हीवरच्या ॲपवरून गायब. मी कंपनीला फोन लावला.

"त्या सिनेमाचा करार संपला, सर. तसाच दुसरा सुचवू?"

"त्यात माझी आई बोलेल का?"

"सर, विनोदीच आहे."

दुसरा लावला. आई तासभर सासूची वाट बघत बसली, मग तिने पडद्याकडे पाठ केली.

"शोधतो ना कुठेतरी," धाकटा पुटपुटला.

"आधी तिला सांग, काय फेकलंस ते."