वास मासळीचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना सॉकेट आहे. तीन भोकांचा, शेजारी खटका असलेला, स्वयंपाकघराच्या भिंतीत जन्म काढलेला. आता मी भिंतीत नाही. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, वाकड्या खिळ्यांच्या आणि किल्ली हरवलेल्या कुलपाच्या सोबतीनं पडून आहे. माझी उजवी बाजू करपली आहे. तोंडात एका प्लगचं डोकं अजून अडकलेलं आहे, ते काही शेवटपर्यंत निघालं नाही. खरं सांगायचं तर बोलायचंही फारसं त्राण उरलेलं नाही. पण तुमच्या घराच्या भिंतीत माझे भाऊबंद आहेत. त्यांच्यासाठी एकदाच सांगतो, नीट ऐका.

मी घडलो तेव्हा माझा काय थाट होता. पांढरं शुभ्र अंग, आत पितळेच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांची पकड अशी की चपट्या पिनांचा प्लग आत शिरला की जागचा हलायचा नाही. माझ्या खालच्या दोन भोकांना आतून झडपा होत्या. प्लगची लांब पिन वरच्या भोकात गेली, की मगच त्या झडपा उघडायच्या. एखाद्या पोरानं खेळता खेळता खालच्या भोकात खिळा घातला, तर तो आत जाऊ नये म्हणून ही सोय. मला त्या झडपांचा फार अभिमान होता. राखणदाराला आपल्या फाटकाचा असतो तसा.

मलेशियातल्या पेनांगला, आयर इतामच्या चढावर एक चार मजली इमारत आहे. तिथं गैक छूबाईंच्या घरात मला बसवलं. त्यांचे यजमान तेव्हा हयात होते. त्यांनी पहिल्यांदा खटका दाबला, किटलीतलं पाणी खळखळलं आणि ते नुसते बघत राहिले. बाईंनी लगेच शेजारणीला बोलावून आणलं. "बघ, काडी नाही, पेटी नाही, चहा तयार." नव्या वर्षाच्या आधी घर धुवून काढताना त्या कोरड्या फडक्यानं माझंही तोंड पुसायच्या. माझे सुखाचे दिवस कोणते म्हणाल, तर तेच.

पुढे यजमान गेले. मुलगा बून क्यात कामाला लागला. आणि एकदा गैक छूबाई बायकांच्या टोळक्याबरोबर बसनं सीमेपलीकडे थायलंडात, हात याई नावाच्या गावी खरेदीला गेल्या. येताना त्यांनी विजेवरचा भाताचा कुकर आणला. झाकणावर गुलाबी फुलं, मोठा देखणा. पण त्याच्या प्लगला दोनच पिना, त्याही गोल. माझी तर तीन भोकं, सगळी चपटी. बाईंनी प्लग लावून पाहिला, तो आत जाईना. माझ्या झडपा बंदच होत्या.

शेजारीण म्हणाली, "अगं, त्याला मधे लावायचा अडॅप्टर मिळतो कोपऱ्यावरच्या दुकानात."

"दुकानात कशाला जाऊ? काडी आहे ना घरात," बाई म्हणाल्या.

त्यांनी जेवणाच्या काड्यांपैकी एक बांबूची काडी उचलली आणि माझ्या वरच्या भोकात खुपसली. झडपा फसल्या. त्यांना वाटलं, लांब पिनच आली. त्या उघडल्या, आणि बाईंनी दोन पिनांचा प्लग आत रेटला.

"बघ. शिरला की नाही?"

शेजारणीनं कौतुकानं मान डोलावली. तिच्याही घरी काड्या होत्याच. पुढे त्या इमारतीतल्या माझ्या किती भावंडांच्या नशिबी हे आलं, ते मला मोजवत नाही.

एक गोष्ट मला तेव्हाही समजली नाही, आजही समजत नाही. याच गैक छूबाई, जेवताना कुणी भाताच्या वाडग्यात काडी रोवून ठेवली, तर फाडकन हातावर मारायच्या. "मेलेल्यांच्या भातात रोवतात तशी काडी. तू जिवंत आहेस ना अजून?" असं विचारायच्या. वाडग्यातल्या काडीला एवढ्या घाबरणाऱ्या बाई माझ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ बिनदिक्कत काडी खुपसत होत्या.

मित्रांनो, गोल पिन चपट्या पट्टीत नीट बसत नाही. ती कुठंतरी कडेला टेकते. एवढ्याशा टेकणीतून कुकरला लागणारी सगळी वीज न्यायची म्हणजे जिवावरचं काम. मी तापायचो. आत बारीक ठिणगी उडायची. तापून तापून पट्ट्यांची पकड सुटली, त्या फाकल्या. एक झडप मोडून आतल्या आत लोंबू लागली. मग प्लग सैल पडू लागला, तर बाईंनी त्याच्याखाली कागदाची घडी कोंबली. तरी डुगडुगतोय म्हटल्यावर त्याची वायर वर ओढून खिळ्याला बांधली. खटकाही आतून चिकटला, दाबला तरी बंद होईना. घरातल्या सगळ्यांना ते दिसत होतं. पण भात शिजतोय ना, मग झालं. माझ्याकडे सगळ्यांनी कानाडोळा केला.

मी बोलू शकत नाही. माझ्याजवळ सांगायचा एकच मार्ग होता, वास. माझं अंग ज्या प्लॅस्टिकचं बनलं आहे ते फार तापलं की त्याला मासळीसारखा वास येतो. मी जीव तोडून वास सोडायचो. आणि माझ्या बरोबर खाली, ओट्यावर, खाऱ्या मासळीची बरणी. आता सांगा, माझं कोण ऐकणार?

तोवर बून क्यातचं लग्न होऊन सून आली होती, सोक हून. शांत मुलगी. लग्नाआधी एका विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात कामाला होती. माझ्या वासाचा सगळा बोल तिच्यावर यायला लागला.

"सोक हून, मासळी परत उघडी टाकलीस वाटतं."

"बरणी बंद आहे, मा. झाकण काल तुम्हीच लावलंत."

"मग हा वास काय माझ्या माहेराहून आला?"

"तिथं तुमचे भाऊ रोज मासे धरायला होडी घेऊन जातात. येतही असेल," सोक हून भांडी घासता घासता म्हणायची.

"ऐकलंस का रे हिचं? तोंड बघ किती चालतं."

"दोघी भांडा पोटभर, पण आधी मला वाढा," बून क्यात म्हणायचा आणि वाडगा पुढे करायचा.

हसू यायचं, पण ते पुढेपुढे हसण्यावारी राहिलं नाही. सोक हून ओटा चार चार वेळा धुवायची, फडकी उकळायची, बरणी खिडकीत नेऊन ठेवायची. वास जाईना. सासू शेजारणींना सांगू लागली, आमची सून दिसायला नीटस, पण स्वयंपाकघरात पाय ठेववत नाही. ते भिंतीपलीकडून सोक हूनच्या कानावर यायचं. मग ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, आणि मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. मला दोन गोष्टी सलत होत्या. माझ्या वासापायी ती बोलणी खात होती. आणि आज ना उद्या, या दोघींपैकी एकीचा जीव मी घेणार होतो.

तो दिवस चांद्रमासाचा पंधरावा होता. त्या घरात पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासळी नाही. आदल्या दिवशीच सोक हूननं सगळं घासूनपुसून काढलं होतं आणि मासळीची बरणी शेजारी ठेवायला दिली होती. बाहेरच्या खोलीत देव्हाऱ्यात लाल विजेचा दिवा होता. यजमानांनी लावल्यापासून तो अखंड तेवत होता आणि बाई तो कधी विझू द्यायच्या नाहीत. मेनचं बटण त्याच देव्हाऱ्याच्या वर, पण दिव्यापायी त्याला कुणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम. बाई उदबत्ती ओवाळत होत्या. माझ्यात काडी खुपसून झाली होती, प्लग लागला होता, नैवेद्याचा भात शिजत होता.

मला असह्य झालं. मी वास सोडला.

उदबत्ती हातात तशीच घेऊन बाई स्वयंपाकघरात आल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यामुळेच जास्त लागत होता.

"आज पंधरावा आहे, सोक हून. मी देवापुढे उभी आहे, आणि तू मासळी तळतेस?"

"तव्यात बघा, मा."

"मला नाक आहे."

"नाक असू दे. डोळ्यांनी बघा. टोफू आहे." तिचे डोळे भरून आले होते. "घरात मासळीचा एक काटा नाही. बरणीसुद्धा शेजारी दिली. आता काय मला हुंगून बघता?"

बाई तव्यापाशी आल्या. तवा पाहिला. मोरीत पाहिलं, कपाटात पाहिलं. वास तर होताच. मग दोघी सासवा-सुना नाकं पुढे करून स्वयंपाकघरभर हिंडल्या. सोक हून माझ्यापाशी येऊन थांबली. तिनं मान वर केली, माझी करपलेली बाजू पाहिली, आणि प्लगच्या कडेनं निघणारी धुराची बारीक रेघ पाहिली.

"मा," ती हळूच म्हणाली, "मासळी भिंतीत आहे."

उदबत्ती ओट्यावर टेकवून बाई पुढे सरसावल्या. खटका दाबला, तो चिकटलेलाच. वायर धरून प्लग ओढला. प्लग वितळून मला घट्ट धरून बसला होता. तो हलला नाही, पण वायरचं वेष्टण सरकलं आणि आतली तांब्याची तार उघडी पडली. "असा कसा निघत नाही बघते," असं म्हणत बाईंनी फळीवरची पातळ सुरी उचलली. मोरीत चाचपलेला हात अजून ओला होता. त्या सुरीचं टोक माझ्या फटीत घालणार होत्या.

मित्रांनो, मी इतकी वर्षं तापलो, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

सोक हूननं सासूचं मनगट धरलं. त्या घरात आल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. तिनं सुरी काढून घेतली, ती हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत गेली आणि देव्हाऱ्यापाशी स्टूल ओढलं.

"मेनला हात लावू नकोस," बाई मागोमाग धावल्या. "दिवा जाईल. पंधराव्याच्या दिवशी देवाचा दिवा विझवणार आहेस?"

"देव थोडा वेळ अंधारात बसेल, मा. तुम्ही गेलात तर मी तुम्हाला कुठून आणू?"

आणि तिनं बटण खाली पाडलं.

माझ्या अंगातली धार थांबली. पंखा फिरत फिरत मंदावला. बाहेरचा लाल दिवाही विझला. मग बाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी पाण्याचा मग उचलला.

"पाणी पण नको," मागून सोक हून म्हणाली. "धूर थांबलाय. कुणी हात लावायचा नाही. कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. जळका वास आला की आधी मेन, मग हात."

बाईंनी मग खाली ठेवला. देव्हाऱ्यात त्यांनी एक मेणबत्ती लावली आणि तिथंच खाली बसून राहिल्या.

दुपारी नागप्पन नावाचा वायरमन आला. त्यानं मेन बंद असल्याचं पाहिलं, टेस्टर लावून पुन्हा खात्री केली, वरच्या भोकातली काडी काढून ओट्यावर ठेवली आणि मला भिंतीतून सोडवलं. माझ्यामागची तार पार काळी पडली होती. प्लग काढायचा त्यानंही प्रयत्न केला आणि हात टेकले.

"आंटी, यांचं लग्न लागलंय. हे आता वेगळे होत नाहीत."

"पेट न घेता किती दिवस राहिले असते असे, अण्णा?" बाईंनी विचारलं.

"कुणास ठाऊक. काडी तुम्ही जेवायला घ्या, विजेचं काम मला द्या, माझ्या पोटावर पाय देऊ नका," तो हसत म्हणाला, पण बाई हसल्या नाहीत. त्यानं नवा सॉकेट बसवला आणि कुकरला तीन पिनांचा नवा प्लग जोडून दिला. मला टाकून देणार, तेवढ्यात बाईंनी हात पुढे केला.

रात्रीचा भात त्यांनी स्वतः वाढला. पहिला वाडगा सुनेपुढे ठेवला. मग टोकाशी काळी पडलेली ती बांबूची काडी घेतली आणि मोडून केरात टाकली.

"भातात काडी रोवली म्हणून मी तुम्हाला मारत होते," त्या म्हणाल्या. "आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी काय करत होते गं?"

सोक हूननं टोफूचा एक तुकडा उचलून त्यांच्या वाडग्यात घातला.

"मासळीच्या नावानं तुला किती बोलले मी."

"उद्या शेजारून बरणी आणते, मा. मग हवं तेवढं बोला."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

मित्रांनो, मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही. पण तुमच्या भिंतीतला सॉकेट जर सैल झाला असेल, गरम लागत असेल, कडेला करपला असेल, तर त्याला कागदाचे टेकू देऊ नका. त्याच्या भोकांशी जो प्लग जुळत नाही तो काडीनं रेटू नका. प्लग अडकला तर आधी मेन बंद करा. मग कोरड्या हातानं प्लगच धरून सरळ ओढा, वायर धरून नाही. सुरी, चमचा, काही घालू नका. तरीही निघाला नाही तर सोडून द्या आणि वायरमनला बोलवा. आणि मासळी नसताना मासळीचा वास आला, तर घरच्या सुनेला बोल लावण्याआधी एकदा भिंतीकडे बघा. आम्ही ओरडू शकत नाही हो. आमच्याजवळ तेवढंच असतं.

अधूनमधून गैक छूबाई डबा उघडतात. मला बाहेर काढतात, नाकाशी नेतात. इतकी वर्षं झाली तरी थोडा वास येतो. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "सोक हून, नवा सॉकेट गरम तर नाही ना लागत?"

"गार आहे, मा," आतून आवाज येतो.

बाई झाकण लावतात. आत अंधार होतो. मीही आता गार आहे.